खेळ जुना झाला की त्याचा कोड मोकळा करा

डूम या 1993 च्या गोळीबाराच्या संगणक-खेळाची पहिली लेव्हल, ‘हँगर’. काठिण्यपातळी अल्ट्रा-व्हायलन्स, म्हणजे वरून दुसरी. या लेव्हलचा नऊ सेकंदांचा विक्रम 1998 सालचा. तो मोडायला 2019 उजाडावं लागलं आणि नवा आकडा आला 8.97 सेकंद. डूमचं आतलं घड्याळ सेकंदाला 35 ठोके देतं, एका ठोक्याला टिक म्हणतात. 8.97 सेकंद म्हणजे 314 टिक. आणखी एक टिक लागला असता तर बरोब्बर नऊ सेकंद झाले असते, आणि विक्रमांच्या तक्त्यात अपूर्णांक धरत नाहीत म्हणून एवढ्या वर्षांची खटपट नुसत्या ‘बरोबरी’त जमा झाली असती.

सेकंदाच्या पस्तिसाव्या हिश्शावर विक्रम ठरत असेल तर पहिला प्रश्न उठतो तो हाच, की हे खरं कशावरून? ऑलिंपिकमध्ये त्यासाठी फोटो-फिनिश कॅमेरे असतात, पंच असतात, उत्तेजकांची चाचणी असते. डूमचा रनर, म्हणजे कमीत कमी वेळात खेळ पार करू पाहणारा खेळाडू, आपल्या घरी, आपल्याच यंत्रावर, कुणी बघत नसताना धावतो. तरीही या दोन्ही विक्रमांची शहानिशा आज कुणालाही घरबसल्या करता येते, अगदी 1998 च्यासुद्धा. याचं श्रेय दोन गोष्टींना आहे. एक, डूमची डेमो फाइल. दुसरी, इड सॉफ्टवेअरच्या जॉन कार्मॅक यांनी 23 डिसेंबर 1997 रोजी खुला केलेला त्या खेळाचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर. खेळ बाजारात आल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

यावरून माझं म्हणणं सरळ आहे. विक्री ओसरलेल्या खेळाच्या इंजिनाचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, कोड कंपनीनं खुला करावा. कंपनी आपणहून करत नसेल तर तशी सोय कायद्यानं करावी. संग्रहालयवाले हे केव्हापासून सांगताहेत, पण त्यांच्या म्हणण्याला जरा हळवा सूर असतो. स्पीडरनवाल्यांची गरज अधिक रोखठोक आहे: त्यांना दावा तपासायचा असतो, आणि कोड नसेल तर तपासणी अर्ध्यातच अडकते.

डेमो फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. तिच्यात एकही चित्र नसतं. सुरुवातीला 13 बाइटचा मथळा असतो: खेळाची आवृत्ती, काठिण्यपातळी, एपिसोड, लेव्हल, राक्षस चालू की बंद, खेळाडू किती. त्यानंतर प्रत्येक टिकासाठी फक्त चार बाइट. पहिला पुढे-मागे किती ढकललं त्याचा, दुसरा डावी-उजवीकडे किती सरकलं त्याचा, तिसरा किती वळलं त्याचा आणि चौथा बटणांचा, म्हणजे गोळी झाडली का, दार उघडायची कळ दाबली का, हत्यार बदललं का. शेवटी एक बाइट समाप्तीचा. सेकंदाला 140 बाइट. ‘हँगर’ची 314 टिकांची धाव या हिशेबानं सव्वा किलोबाइटच्या आसपास बसते, मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या चित्राहून किती तरी लहान. या काटकसरीची किंमत मोजावी लागते ती वळण्यात. वळणाला एकच बाइट असल्यामुळे 360 अंशांचे 256 भाग पडतात आणि रेकॉर्डिंग चालू असताना खेळाडू 1.4 अंशांच्या टप्प्यांनीच वळू शकतो. नवख्या माणसाला माऊस बिघडल्यासारखा वाटतो. नंतर वळणाला दोन बाइट देणारी पद्धतही निघाली, पण मूळ खेळाशी इमान राखायचं तर हा खडबडीतपणा सोसावाच लागतो.

आता एवढ्याशा आज्ञांवरून सगळा प्रसंग पुन्हा जसाच्या तसा उभा कसा राहतो? डूममध्ये खऱ्या अर्थानं यादृच्छिक असं काही नाहीच. इंजिनात 256 आकड्यांचा एक ठरीव तक्ता आहे: 0, 8, 109, 220, 222 असा सुरू होणारा. कुठलाही ‘नशिबाचा’ प्रसंग आला की इंजिन तक्त्यातला पुढचा आकडा उचलतं. पिस्तुलाची गोळी 5, 10 की 15 अंकांची इजा करणार, हे त्या आकड्याला तिनानं भागून उरलेल्या बाकीवर ठरतं. साध्या झोंबी शिपायाचं आयुष्य 20 अंकांचं, म्हणून तो कधी दोन गोळ्यांत आडवा होतो तर कधी चार खातो. नवा खेळ सुरू होताना तक्त्यातलं बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर येतं. त्यातही एक शहाणपण आहे. खेळाला एक बोट आणि पडद्यावरच्या शोभेला दुसरं. खालच्या पट्टीतला चेहरा डावीकडे बघतो की उजवीकडे, यामुळे खेळाच्या तक्त्याला धक्का लागत नाही. हालचालींचं गणितही दशांश चिन्ह तरंगतं ठेवून केलेलं नाही, ठरीव अपूर्णांकांत केलेलं आहे. त्यामुळे 1993 चं 486 प्रोसेसरचं यंत्र असो की आजचा लॅपटॉप, उत्तर तेच येतं.

या साखळीतला एक दुवा जरी हलला तरी डेमो ‘सुटतो’. इंजिनात कुणी हौसेनं रक्ताचा एक शिंतोडा वाढवला आणि त्यासाठी खेळाच्या तक्त्यातला एक आकडा उचलला, की तिथून पुढचा प्रत्येक आकडा एका घरानं सरकतो. ज्या शिपायाला दोन गोळ्या पुरल्या होत्या त्याला आता तीन लागतात. तो वाटेत उभा राहतो, आणि रेकॉर्ड केलेला खेळाडू त्याला धडकून अडतो. आज्ञा मात्र चालूच असतात. बिचारा कोपऱ्यात तोंड घालून पळत राहतो आणि रिकाम्या हवेत गोळ्या झाडतो. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेल्या आधुनिक इंजिनांत ‘सुसंगतता पातळी’, म्हणजे डूमच्या कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ते, निवडावी लागते: डूम-2 साठी 2, अल्टिमेट डूमसाठी 3, फायनल डूमसाठी 4, पुढच्या बूम इंजिनाच्या लेव्हलींसाठी 9. अल्टिमेट डूमची धाव पातळी 2 वर रेकॉर्ड केली तर वरवर सगळं ठीक दिसतं आणि फाइल पाठवल्यावर परत येते. नवशिक्यांची सगळ्यात जास्त वाया जाणारी मेहनत इथली.

या डेमोंची देवघेव खेळाच्या पहिल्या वर्षातच सुरू झाली होती. नोव्हेंबर 1994 मध्ये डेमो गोळा करणारं ‘एलएमपी हॉल ऑफ फेम’ निघालं आणि पाठोपाठ 1995 च्या सुरुवातीला ‘कॉम्पेट-एन’. एलएमपी हे डेमो फाइलचं शेपूट. कॉम्पेट-एननं जी शिस्त घालून दिली ती आजही मोडलेली नाही. डेमोसोबत मजकुराची एक छोटी फाइल जोडायची, तिच्यात लेव्हल, प्रकार, वेळ, वापरलेलं इंजिन लिहायचं. प्रकारही मोजून-मापून ठरलेले. ‘यूव्ही स्पीड’मध्ये (यूव्ही म्हणजे अल्ट्रा-व्हायलन्स) फक्त बाहेर पडायचं. ‘यूव्ही मॅक्स’मध्ये एकूण एक राक्षस मारायचा आणि प्रत्येक गुप्त जागा गाठायची. ‘पॅसिफिस्ट’मध्ये कुणालाही इजा करायची नाही. ‘टायसन’मध्ये मूठ, करवत आणि पिस्तूल एवढ्यावरच भागवायचं. तंटा झाला की फाइल पुन्हा चालवायची. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.

पण डेमो फाइल काय घडलं ते सांगते. का घडलं ते कोडच सांगतो. डूमची धाव ज्या युक्त्यांवर उभी आहे त्या बघितल्या की हा फरक नीट कळतो.

सरळ धावताना पुढच्या ढकलीचा आकडा 50 असतो, बाजूला सरकण्याचा 40. दोन्ही एकदम दाबले तर इंजिन दोन्ही ढकली वेगवेगळ्या लावतं आणि एकूण वेगाला वेसण घालत नाही. 50 आणि 40 यांचा कर्ण 64 येतो, म्हणजे वेग 28 टक्क्यांनी वाढला. ही झाली ‘एसआर-40’, आणि ही येत नसेल तर पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही. ‘एसआर-50’ तिच्या पुढची. बाजूला सरकण्याची कळ दाबायची, शिवाय आल्ट दाबून वळण्याची कळही दाबायची. आल्ट दाबल्यावर वळण्याची कळ सरकण्याचं काम करते. 40 आणि 40 मिळून 80 होतात, पण इंजिन एका बाजूच्या ढकलीला 50 च्या वर जाऊ देत नाही, म्हणून 50 मिळतात. 50 आणि 50 चा कर्ण जवळजवळ 71, म्हणजे 41 टक्के वाढ. मोबदल्यात काय जातं? आल्ट दाबलेलं असेपर्यंत कळांनीही वळता येत नाही आणि माऊसनंही. म्हणून एसआर-50 फक्त सरळ पट्ट्यात चालते, आणि तीही नजर वाटेपासून 45 अंश तिरकी ठेवून.

आता दारांचं बघा. साधं दार टिकाला 2 एकक या गतीनं वर जातं. खेळाडूची उंची 56 एकक. म्हणजे दाराखालून निघायला किमान 28 टिक थांबणं आलं, आणि 314 टिकांच्या धावेत हा जवळजवळ अकरावा हिस्सा झाला. तेव्हा कळ जितकी लांबून दाबता येईल तितकी दाबायची. कळीचा पल्ला 64 एकक आहे, पण तो खेळाडूच्या मध्यापासून आणि नजरेच्या दिशेनं मोजतात. खेळाडूची त्रिज्या 16. दारासमोर सरळ बघत असाल तर दाराला टेकण्याच्या 48 एकक आधी कळ लागते. एसआर-50 मध्ये नजर 45 अंश कललेली असते, त्यामुळे 64 चा पल्ला दाराच्या दिशेनं 45 वर येतो आणि हातात उरतात फक्त 29 एकक. एसआर-50 चा वेग टिकाला साडेतेवीस एककांच्या घरात. म्हणजे वेग सोडायला तयार नसलेला रनर दार जवळजवळ एक टिक उशिरा उघडतो. आणि विक्रम मोडला होता तो एका टिकानंच. राक्षसांनाही साधी दारं उघडता येतात. एखादा शिपाई पलीकडून नेमक्या वेळी दार उघडून बाहेर आला तर सोन्याहून पिवळं. तोच दारात ठाण मांडून राहिला तर पुन्हा पहिल्यापासून.

‘वॉलरन’ तर त्याहून मजेदार. ठराविक भिंतीला घासत विशिष्ट दिशेनं पळालं की खेळाडू अचानक दुप्पट वेगानं सुटतो, हे रनर मंडळींना अनुभवानं कळलं होतं. कुठल्या दिशेला चालतं, कुठल्या नाही, याच्या याद्या होत्या. कारण कळतं ते कोड वाचल्यावर. एका टिकात खेळाडू 15 एककांहून जास्त सरकणार असेल तर इंजिन ती हालचाल दोन अर्ध्या टप्प्यांत करतं, म्हणजे पातळ भिंत ओलांडली जाऊ नये. भिंत आडवी आली तर घसरत नेण्याचं काम दुसऱ्या फंक्शनकडे जातं. ते फंक्शन अर्धी हालचाल बघतच नाही, मूळचा पूर्ण वेग घेतं. दोन अर्धे टप्पे, प्रत्येकात पूर्ण घसरण: वेग दुप्पट. शिवाय ‘15 हून जास्त’ ही अट फक्त धन दिशांसाठी लिहिली आहे, ऋण आकडा कितीही मोठा असला तरी ती लागू होत नाही. नकाशात धन म्हणजे पूर्व आणि उत्तर. पश्चिमेला किंवा दक्षिणेला पळताना ही मेजवानी का मिळत नाही, त्याचं कोडं एका ओळीत सुटतं. सरळ धावण्याचा कमाल वेग टिकाला 16.67 एकक आहे, म्हणून साध्या पळण्यातही अट पुरी होते. ही ओळ उघड झाली नसती तर यादीच्या वर कुणाचं ज्ञान गेलं नसतं.

इथे हमखास एक आक्षेप येतो: चुकांचा फायदा घेणं ही फसवणूकच नाही का? यात फारसा दम नाही. नियम सर्वांना सारखे आहेत, चूक सर्वांच्या प्रतीत आहे, आणि ज्याला ती नको असेल त्याच्यासाठी वेगळा प्रकार मांडता येतो. ‘स्ट्रोलर’ नावाच्या प्रकारात तर पळायलाही मनाई आहे आणि बाजूला सरकायलाही. फसवणूक म्हणजे एका प्रकारची धाव दुसऱ्याच नावाखाली खपवणं.

ती होऊ शकते का? होऊ शकते, आणि डेमो फाइल इथे दुबळी पडते हे मान्य करायला हवं. खेळ संथ गतीवर ठेवून खेळा, एकेक टिक थांबून आज्ञा भरा, चुकलं की मागे जाऊन पुन्हा जोडा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये नुसते आकडेच असतात, ते एका दमात भरले की महिनाभर घालून, हे बाइट सांगत नाहीत. अशा रचलेल्या धावांचा वेगळा आणि मानाचा प्रकार आहे, अट एवढीच की तसं लिहून द्यायचं. लबाडी पकडायची ती आज्ञांच्या पोटात शिरून. वळता वळता बाजूची ढकल 50 दिसली तर मूळ खेळात ते शक्यच नव्हतं. पन्नास टिकांत एकदाही हात डगमगला नाही तर शंका घ्यायची. डीएसडीए-डूमसारखी आजची इंजिनं फाइलच्या शेवटी वापरलेल्या सोयींची नोंद जोडतात, आणि धाव कुठल्या प्रकारात बसते त्याचं विश्लेषणही स्वतःच करून देतात. हेसुद्धा त्या 1997 च्या कोडवरच उभं आहे. बंद इंजिनावर असली हत्यारं कोण बनवणार?

कोड खुला केला की लबाडांचं फावतं, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. पुरावाही हाताशी आहे: क्वेक. जून 1996 चा हा खेळ, त्याचा कोड डिसेंबर 1999 मध्ये खुला झाला, आणि काही दिवसांतच इंटरनेटवरच्या सामन्यांत बदललेली इंजिनं घेऊन लोक उतरले. कुणाला भिंतीपलीकडचं दिसू लागलं, कुणाचा नेम आपोआप लागू लागला. खुद्द कार्मॅक यांना यावर एखादा बंद तपासनीस प्रोग्राम मध्ये बसवण्याचा उपाय सुचवावा लागला. पण बारकाईनं पाहिलं तर दोष खुल्या कोडपेक्षा क्वेकच्या रचनेत जास्त होता. सर्व्हर खेळणाऱ्याच्या यंत्रावर नको तितका विसंबत होता आणि त्याला दिसू नये तेही पाठवत होता. डेमोचंही तसंच. क्वेकची डेमो फाइल आज्ञा नोंदवत नाही, सर्व्हरनं पाठवलेला निकाल नोंदवते: खेळाडू आता इथे आहे, आता तिथे. निकालाची वही खोडून लिहिता येते. आज्ञांची वही खोडली तर पुढचं सगळं गणितच बिघडतं. शिवाय क्वेकचं भौतिकशास्त्र फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्यावर, हलतं, म्हणून तिथे 72 फ्रेमची मर्यादा नियमात घालावी लागली. तरीही क्वेकची धावाधाव कोड खुला झाल्यानं संपली नाही. 1997 च्या ‘क्वेक डन क्विक’मध्ये सबंध खेळ 19 मिनिटं 49 सेकंदांत झाला होता, तर कोड खुला झाल्यानंतर, 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो 12 मिनिटं 23 सेकंदांवर आला.

उलट बाजूही तपासून बघा. 1997 च्या गोल्डनआय या निन्टेंडो-64 वरच्या खेळात डेमो फाइल नाही, कोड कंपनीनं दिलेला नाही. तिथे विक्रमाचा पुरावा म्हणजे चित्रीकरण, सुरुवातीच्या काळात तर व्हीएचएस टेप. जमिनीकडे बघत पळालं की यंत्राला कमी चित्र काढावं लागतं आणि खेळ वेगानं चालतो, ही तिथली प्रसिद्ध युक्ती. तिथल्या मंडळींनी फार प्रामाणिकपणे आपला संसार चालवला आहे, पण शेवटी पुराव्याचा कस टेपच्या स्पष्टतेवर. त्याहून मागे गेलं तर अटारीवरचा ‘ड्रॅगस्टर’. 1982 मध्ये मान्य झालेला 5.51 सेकंदांचा विक्रम पस्तीस वर्षं टिकून होता. शेवटी एका स्पीडरनरनं खेळाचं मशीन कोड उलगडून गणित मांडलं, तेव्हा 5.57 च्या खाली वाटच सापडेना. 2018 च्या जानेवारीत विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीजनं तो आकडा काढून टाकला. निर्मात्या कंपनीची मान्यता होती, मासिकांतली प्रसिद्धी होती, पण खेळाच्या कोडनं ते सगळं खोटं ठरवलं. तो खेळ दोन किलोबाइटचा होता म्हणून हे जमलं. परफेक्ट डार्क या 2000 सालच्या खेळाचा कोड हौशी मंडळींनी असाच उलगडून पुन्हा लिहून काढला, आणि ते वर्षानुवर्षांचं काम झालं. आजचा शंभर गिगाबाइटचा खेळ असा कुणी उलगडेल, ही आशाच करू नये.

कंपन्यांची बाजू काय? पहिला मुद्दा पैशाचा: कोड दिला तर विक्री जाते. डूमनं हा मुद्दा निकालात काढला आहे. कार्मॅक यांनी इंजिन दिलं, पण लेव्हली, चित्रं, आवाज असलेली वॅड फाइल दिली नाही. ती आजही विकत घ्यावी लागते, आणि कंपनी नव्या वेष्टनात ती विकतेच आहे, अगदी ऑगस्ट 2024 मध्येसुद्धा. खुल्या इंजिनांवर लोक नव्या लेव्हली बनवत राहिले म्हणून तर तीस वर्षं या मालाला गिऱ्हाईक आहे. दुसरा मुद्दा परक्यांच्या मालकीच्या भागांचा, आणि तो खरा आहे. डूमच्या डॉस आवृत्तीत दुसऱ्याची साउंड लायब्ररी होती, म्हणून ती आवृत्ती देता आली नाही, लिनक्सची द्यावी लागली. ती लायब्ररी वापरणं ही चूक झाली, असं कार्मॅक यांनी सोबतच्या टिपणातच लिहून टाकलं. पण लोकांनी काय केलं? आवाजाचा भाग नव्यानं लिहिला. भोक पडलेला कोडसुद्धा उपयोगी असतो. पहिला परवाना धंद्याला मनाई करणारा होता, 1999 मध्ये तो जीपीएल, म्हणजे कोड कुणालाही वापरू आणि बदलू देणारा परवाना, झाला. म्हणजे पायरीपायरीनं जायलाही हरकत नाही.

तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही: जुना खेळ सहज मिळू लागला तर नव्याशी स्पर्धा होते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार 2010 पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी 87 टक्के आज सरळ बाजारात मिळत नाहीत. असे खेळ वाचनालयांतून दूरस्थपणे वापरता यावेत म्हणून मागितलेली सूट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर 2024 मध्ये नाकारली. विकायचं नाही आणि वाचनालयालाही द्यायचं नाही, हा न्याय कुठला? युबीसॉफ्ट कंपनीनं 2014 च्या ‘द क्रू’चे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले, आणि पैसे मोजून घेतलेला खेळ एकट्यानं खेळण्यापुरताही उरला नाही. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेनं जुलै 2025 मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्या मोहिमेची मागणी खेळ चालू राहावा एवढीच आहे. ती रास्त आहे, पण अपुरी आहे. खेळ चालू राहिला आणि आतलं यंत्र बंद पेटीत राहिलं, तर धाव बघता येईल, तपासता येणार नाही.

शिवाय आजचे खेळ रातोरात बदलतात. 2020 च्या डूम इटर्नलमध्ये मे महिन्याच्या अपडेटनं फसवणूक-रोधक सॉफ्टवेअर घुसवलं आणि ओरड झाल्यावर पुढच्याच अपडेटनं काढून टाकलं. अशा खेळाचे रनर आधी जुनी आवृत्ती परत मिळवण्याच्या खटाटोपात असतात, कारण कालची युक्ती आजच्या आवृत्तीत बुजवलेली असते. खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानानं जुन्या आवृत्त्या मेन्यूत उघड ठेवणं हे खर्चाचं काम नाही. स्थिर गतीचं घड्याळ, ठरीव बीजापासून, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यापासून, निघणारे यादृच्छिक आकडे आणि आज्ञा नोंदवणारी फाइल, या तीन गोष्टी खेळ बनवतानाच ठेवल्या तर पुढे सगळ्यांचं काम हलकं होतं, चाचणी करणाऱ्या अभियंत्यांचंसुद्धा. डूमनं हे 1993 मध्ये केलं होतं, चार मेगाबाइट मेमरीत.

आपल्याकडे कायद्याची स्थिती वाटते त्याहून बरी आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 नुसार कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामचं काम कसं चालतं याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करायला मुभा आहे. त्याला जोडणारी दुसरी प्रणाली बनवण्यापुरती माहिती काढायलाही आहे, आणि स्वतःच्या बिगर-धंदेवाईक वापरासाठी प्रत करायलाही. 2012 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 65अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. म्हणजे ड्रॅगस्टरची जशी चिरफाड झाली तशी पुण्यात बसून कुणी केली तर तो गुन्हेगार ठरू नये. पण अभ्यासाची मुभा म्हणजे कोड हाती येणं नव्हे.

त्यासाठी दुसरा कायदा जवळचा वाटतो. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत प्रकाशकानं 30 दिवसांच्या आत स्वखर्चानं ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमधलं ग्रंथालय. या कायद्याला सॉफ्टवेअर ठाऊक नाही, असण्याचं कारणही नव्हतं. तो वाढवून खेळांचा सोर्स कोड सीलबंद ठेवीच्या रूपानं घेता येईल. विक्री सलग पाच वर्षं बंद राहिली किंवा सर्व्हर उतरवले की सील उघडायचं. चित्रं, संगीत, संवाद कंपनीचेच राहतील. परक्या लायब्ररींची नावं यादीत द्यायची, त्यांचा कोड वगळायचा. त्यासोबत कुठल्या कंपायलरच्या (कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या) कुठल्या आवृत्तीनं खेळ बांधला तेही लिहून घ्यायचं, नाही तर वीस वर्षांनी कोड हाती येतो आणि बांधताच येत नाही. सुरुवात इथल्या स्टुडिओंपासून करता येईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला. तो पुस्तक असता तर टाऊन हॉलच्या पायऱ्या केव्हाच चढला असता.